फोनबूथपेक्षा क्लोरपायरिफॉस महत्त्वाचं

४३ हजार डॉलरचा ध्वनिरोधक फोनबूथ आणि तसल्याच भानगडींमुळे स्कॉट प्रुइट यांना ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, प्रमुखपद सोडावं लागलं, असं म्हटलं जातं. ते मान्य. पण त्या गदारोळात त्यांचे निर्णय झाकले जातात, याचा मला जास्त राग येतो. क्लोरपायरिफॉसचंच घ्या, आपले शेतकरीही सर्रास फवारतात ते कीटकनाशक. अन्नपिकांवरचा त्याचा वापर थांबवायचा प्रस्ताव ईपीएनेच २०१५ मध्ये मांडला होता. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्यापासून धोका आहे, असं तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये लिहिलं. प्रुइट यांनी खुर्चीवर बसून दीड महिनाही झाला नसताना, मार्च २०१७ मध्ये बंदीची मागणी फेटाळली.

प्रुइट जुलै २०१८ मध्ये पायउतार झाले. फवारणी मात्र चालूच राहिली. अन्नपिकांवरच्या वापराची परवानगी ईपीएने काढून घेतली ती न्यायालयाच्या आदेशानंतर, २०२१ मध्ये, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने तो निर्णयही रद्द केला.