महापुरात बुडालेलं स्टिल ०७० कटर घरी उघडून चालू करता येईल का?

आंबेवाडीकर

नमस्कार मंडळी. आमच्या आबांचं स्टिल ०७० कटर मशीन आहे, म्हणजे लाकूड तोडायचं चेनवालं मशीन, जुनं, पॉइंटवालं (प्लगची ठिणगी उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर चालते ते). आबा पूर्वी पन्हाळ्याच्या बाजूला लाकूडतोडीची कामं घेत आणि वखारीला माल देत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या आमच्या आंबेवाडीत पाणी शिरलं तेव्हा माणसं आणि जनावरं बाहेर काढण्यातच सगळे गुंतले. मशीन खालच्या खोलीत राहिलं आणि पूर्ण बुडालं. पाणी ओसरल्यावर आबांनी ते वरून धुतलं, पुसलं आणि पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही.

आता बांधावरच्या वाळलेल्या बाभळी तोडायच्या आहेत. भाड्यानं माणूस बोलवतो म्हटलं, तर आबा म्हणाले, "आधी माझं मशीन बघ."

काल खाली काढलं. दोरी ओढली की फ्लायव्हील फिरतं, पण आत करकर वाजतं. प्लग गंजलाय. टाकीच्या तळाला चिकट थर आहे, पेट्रोलचा पाइप हातात घेतला तर मोडला. कार्बोरेटरवर पांढरी भुकटी धरलीय. चेन गंजून काठीसारखी ताठ झालीय. मी आयटीआय फिटर आहे, पान्हे-बिन्हे घरात आहेत. शेजारचे म्हणतात प्लग बदल, पेट्रोल घाल आणि ओढून बघ. तसं करू का? की खर्च करण्यात अर्थच नाही?

शाहूपुरी_कट्टा

माझं ऐकशील तर भंगारात घाल, भावा. ऑनलाइन ५८ सीसीचं नवीन मशीन बऱ्यापैकी स्वस्तात मिळतं, त्याला चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन तिथल्या तिथं थांबवणारा) पण असतो. बुडालेल्या वस्तूवर पैसे घालवत बसू नये.

उद्यमनगरचा_मिस्त्री

आधी एक करा, ती दोरी परत ओढू नका. प्लग बदलून तर अजिबात नको.

पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात बारीक रेती आणि माती असते, ती क्रँककेसच्या (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या पेटीच्या) बुडात बसून वाळलेली असणार. करकर वाजतंय ते त्याचं. फोरस्ट्रोकला खाली ऑइलचा वेगळा साठा असतो. टूस्ट्रोकला तसं नाही, पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. म्हणजे मशीन चालू झालं की तो सगळा गाळ आधी बेअरिंगमधून आणि मग पिस्टन-सिलिंडरमधून जाणार. पुरानंतर आमच्याकडं फवारणीचे पंप, कटर, छोटी इंजिनं ढिगानं आली होती. ज्यांनी घरी कुणी ओढून बघितलं नव्हतं ती बहुतेक उभी राहिली. ओढून बघितलेल्यांचे पिस्टन रेघाळलेले निघाले.

भंगारात घालायचं म्हणणाऱ्या दादांना सांगतो, हे १०६ सीसीचं मशीन आहे, ५८ सीसीशी त्याची बरोबरी होत नाही. याचे सुटे भाग अजून मिळतात, नकली भागांनी तर बाजार भरलाय. चेन ब्रेकचं मात्र त्यांचं बरोबर आहे, जुन्या ०७० ला तो नाही. हे आबांना माहीत असेल, तुम्हीही डोक्यात ठेवा.

सुरुवात सायलेन्सरपासून करा. तो काढला की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन दिसतो. टॉर्च मारा आणि हातानं हळू फिरवत बघा. अंग गुळगुळीत असेल तर अर्धं काम झालं. उभ्या रेघा नखाला लागत असतील तर पिस्टन आणि रिंगा नवीन घ्याव्या लागतील. सिलिंडर मात्र लगेच टाकून देऊ नका. पुष्कळदा सिलिंडर चरलेला नसतो, पिस्टनचं ॲल्युमिनियम त्याला चिकटलेलं असतं. ते काढायला लोक टॉयलेटचं ॲसिड लावतात. तसलं काही करू नका. ॲसिड क्रोमचा मुलामा खातं, आणि क्रँककेस मॅग्नेशियमची, तिलाही खातं. सिलिंडर सुटा करून कॉस्टिक सोड्याचं पाणी काडीच्या कापसानं फक्त चिकटलेल्या जागी लावा. फेस आला म्हणजे ॲल्युमिनियम निघतंय. खिडक्यांच्या कडा उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात, तिथं लागू देऊ नका. भरपूर पाण्यानं धुवा. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका.

आणखी एक. आमच्या उद्यमनगरात बुलेटपासून ऑइल इंजिनपर्यंत काहीही बोअर करून मिळतं, त्यामुळं कुणीतरी तुम्हाला "बोअर मारून घ्या" (सिलिंडर आतून कोरून मोठा करून घ्या) म्हणेलच. हे सिलिंडर बोअरला देऊ नका. यात बिडाचा लायनर नाही. ॲल्युमिनियमवर पातळ मुलामा आहे, बोअर मारला की तोच निघून जातो.

सिलिंडर काढल्यावर क्रँककेस डिझेलनं धुवा. उलटं करा, परत भरा, हलवा, ओता. डिझेल स्वच्छ येईपर्यंत करत राहा. मग कनेक्टिंग रॉड धरून क्रँक फिरवा. तरीही बोटाला खरखर लागली तर बेअरिंग गंजलंय, क्रँककेस फोडावी, म्हणजे तिचे दोन भाग सुटे करावे लागतील. ऑइल सील (क्रँकच्या दोन्ही टोकांवरचे रबरी) कसेही दिसले तरी बदला. इतकी वर्षं वाळलेलं रबर हवा ओढतं, हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टन सुद्धा तापून जाम होतो.

पॉइंट फ्लायव्हीलच्या मागं आहेत. फ्लायव्हील पुलरनं काढा, हातोड्यानं नको. पॉइंट घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, प्लगचा ०.५ मिमी. कंडेन्सर नवीन टाका, पाण्यातून निघालेल्यावर भरवसा ठेवू नका. कार्बोरेटरचा किट घ्या, त्यात डायफ्रॅम, सुई, पॅकिंग सगळं येतं. बारीक छिद्रांत तार घालू नका, स्प्रे मारून हवेनं फुंका. कार्बोरेटरचे पेट्रोल कमीजास्त करणारे दोन्ही स्क्रू हलके बंद करून एकेक फेरा उघडा, बाकीचं सेटिंग मशीन चालू झाल्यावर.

पेट्रोलचं नीट ऐका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आहे, माझा त्याला विरोध नाही, पण ते हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पाइप इथेनॉल सोसणारा नवा टाका, मिश्रण लागेल तेवढंच करा, काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. साधं टूटी (टूस्ट्रोकचं) ऑइल असेल तर लिटरला ४० मिली घाला.

आजरेकर

मिस्त्रींनी इंजिनाचं सगळं सांगितलंय, मी चेन आणि बारचं (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं) सांगतो. आमच्याकडं रोजचं हेच काम आहे.

ती चेन टाकून द्या. गंजलेली चेन डिझेलमध्ये भिजवून मऊ होते, पण रिव्हेट आतून खाल्लेले असतात. १०६ सीसीच्या जोरावर ती तुटली तर सरळ मांडीवर येते. ०७० ला .४०४ इंच पिच (चेनच्या कड्यांचं माप) आणि १.६ मिमी गेज (बारच्या खाचेत बसणारी जाडी) लागतं. दुकानात जाताना बार सोबत न्या आणि जुन्या चेनचे ड्राइव्ह लिंक (खाचेत फिरणारे खालचे दात) मोजून न्या. नुसतं "मोठ्या मशीनची चेन द्या" म्हटलं की चुकीची गळ्यात मारतात.

बारची खाच पत्र्याच्या पट्टीनं साफ करा, ऑइलचं भोक बघा, तिथं गाळ हमखास असतो. कडांना धार आली असेल तर सपाट कानशीनं उतरवा. दर धारेला बार उलटा करून लावा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. धारेला ५.५ मिमीची गोल कानस, ३० अंशात, एकाच दिशेनं. रेकर (कापणाऱ्या दाताच्या पुढचा उंचवटा) दातापेक्षा ०.८ मिमी खाली ठेवा, त्याहून जास्त खाली नेला तर मशीन झटके मारतं. वाळलेली बाभूळ दगडासारखी असते, भुसा पिठासारखा पडू लागला की थांबून धार लावा.

इंजिनाचं जळकं ऑइल चेनला घालू नका. त्यात धातूचा कीस असतो आणि हातालाही ते वाईट.

चेन ब्रेक नाही म्हणून कळकळीनं सांगतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका. तिथं लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडं येतं, आणि ते इतक्या झटक्यात होतं की हात आवरत नाही. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून गुंडाळलेला पाहिजे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच.

आंबेवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोरीला परत हात लावला नाही.

सायलेन्सर काढला. पिस्टनवर बारीक रेघा आहेत पण नखाला लागत नाहीत. सिलिंडर आतून चकचकीत आहे, आबांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. क्रँककेसमधून पहिल्या डिझेलबरोबर चहाच्या रंगाचा गाळ आला, नंतर साफ झालं. क्लच काढताना आबांनी वेळीच सांगितलं की आटे उलटे आहेत, नाहीतर मी ताकद लावत बसलो असतो.

पण फ्लायव्हीलच्या बाजूचं बेअरिंग धुऊनसुद्धा खरखरतंय. म्हणजे क्रँककेस फोडायचीच. बेअरिंग काढायला केस घरच्या गॅसच्या शेगडीवर तापवली तर चालेल का?

उद्यमनगरचा_मिस्त्री

शेगडी नको. उघडी ज्वाळा मॅग्नेशियमच्या जवळ आणायचीच नाही. केसचा सबंध गोळा सहज पेटत नाही, पण त्याचा कीस आणि भुकटी पेटते, आणि ती आग पाण्यानं विझत नाही, उलट भडकते. म्हणून त्याला ग्राइंडरही लावू नका. हॉट एअर गन घ्या, बेअरिंगच्या भोवती सगळीकडून सारखी तापवा. थुंकीचा थेंब चुरचुरला की केस आपटायची गरज पडत नाही, बेअरिंग सैल होतं. नवीन बेअरिंग आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, तापलेल्या केसमध्ये हातानं बसेल.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला आहे, तोच सांगा आणि सी३, म्हणजे जास्त फटीचं मागा. नुसता नंबर सांगितला तर साध्या फटीचं देतील, ते इंजिन तापल्यावर आवळतं. एक खराब आहे म्हणून एकच बदलू नका, दोन्ही एकाच पाण्यात होती.

केसमधून क्रँक काढताना त्याच्या टोकावर हातोडा मारू नका. इतकंसं तिरकं झालं तरी मशीन थरथरतं आणि पॉइंटचा गॅप धरत नाही. पुलर नसेल तर क्रँक आणि केस घेऊन या, माझ्याकडं प्रेसवर काढून देतो. सील बसवताना ओठ आतल्या बाजूला आणि ओठाला ग्रीस. दोन्ही केसच्या मधलं पॅकिंग नवीनच घाला, जुन्याला सिलिकॉन फासून भागवू नका. येणार असाल तर सोमवार सोडून या, सोमवारी दुकान बंद असतं.