200 ची बीआरएम झाली, आता थेट 600 करू का? डेक्कन क्लिफहँगरपर्यंत कसं जायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कराडचा, वय 39, शाळेत शिक्षक. तीन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून हायब्रीड सायकल घेतली आणि शाळेत सायकलनं जायला लागलो, जाऊन येऊन 22 किमी. मग रविवारी 40, मग 80, असं करत करत गेल्या महिन्यात पहिली 200 किमीची बीआरएम केली (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, हिलाच ब्रेव्हे म्हणतात). 12 तास 50 मिनिटं लागली. शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर शिक्का बसला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

पण शेवटचे 40 किमी डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पार बधिर झालं, अजून शर्टाची बटणं लावताना जाणवतं. गुडघा पुढच्या बाजूनं दुखतोय. आणि 150 किमीनंतर पोटात काही जाईना, केळं बघितलं तरी मळमळायचं.

स्वप्न आहे पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत, 643 किमी, सोलो म्हणजे एकट्यानं. एक मित्र म्हणतो 300, 400 मध्ये वेळ घालवू नको, थेट 600 मार. दुसरा म्हणतो एंड्युरो३ या तिघांच्या साहसी शर्यतीला आमच्या टीममध्ये ये. घरी दोन लहान मुलं, हातात फक्त सकाळचा तास-दीड तास आणि रविवार. काय आधी करू?

घाटमाथा:
सर, आधी मनापासून अभिनंदन. 200 वेळेत करणं ही लहान गोष्ट नाही.

300 आणि 400 अजिबात सोडू नका. मुदत बघा, 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. गणित केलं तर सगळीकडं ताशी 15 च्या आसपासच येतंय, म्हणजे वेग वाढवायचा नसतोच, पण चहा प्यायला थांबा, पंक्चर काढा, झोपा, घड्याळ चालूच राहतं. अंतर वाढतं तसं फक्त अंतर वाढत नाही. 300 मध्ये रात्र चालू होते, 400 मध्ये अख्खी रात्र सायकलवर काढावी लागते, आणि 600 मध्ये झोपायचं कधी, कुठं आणि किती हे स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. दीड तास झोपून परत थंड, ओली बिब शॉर्ट (सायकलिंगची पट्ट्यांची चड्डी) घालून सीटवर बसायचं, ते पहिल्यांदा करताना शरीर नाही म्हणतं. हे थेट 600 ला कळलं तर बहुतेक वेळा घरी गाडीतून यावं लागतं.

माझी पहिली 300 सांगतो. पहाटे तीनची वेळ, इस्लामपूरच्या अलीकडं, गळिताचा हंगाम. दोन तास काही खाल्लं नव्हतं कारण तुमच्यासारखंच, नको वाटत होतं. नजर पुढच्या चाकावर. आणि एकदम समोर उसाची ट्रॉली, जोडट्रॉली, मागं एकसुद्धा लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. उसाची पानं हेल्मेटला घासून गेली इतक्या जवळून वाचलो. बाजूला उतरलो तर पाय लटपटत होते. पुढं एक चहाची टपरी उघडी होती, तिथल्या मावशींनी न विचारता दूध जास्त घालून गोड चहा दिला आणि काल रात्रीची भाकरी गुळासोबत दिली. ती खाल्ली आणि दहा मिनिटांत रस्ता परत स्वच्छ दिसायला लागला. डोळे ठीकच होते, पोट रिकामं होतं म्हणून डोकं बंद पडलं होतं. तेव्हापासून घड्याळाला दर अर्ध्या तासाचा गजर लावतो, वाजला की दोन घास, भूक असो नसो. उकडलेला बटाटा मीठ लावून, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे. मळमळ बहुतेक वेळा ऊन, मिठाची कमतरता आणि एकदम जास्त गोड खाल्ल्यानं होते, नुसतं पाणी पीत राहू नका, एका बाटलीत ओआरएस ठेवा.

हाताचं म्हणाल तर करंगळी आणि शेजारचं बोट म्हणजे तळव्यातली अल्नर नर्व्ह दाबली जातेय. सगळं वजन हातावर येतंय, सीट पुढं झुकलेली असेल किंवा हँडल लांब पडत असेल. महिन्यानंतरही बधिरपणा असेल तर डॉक्टरांना दाखवाच, हे टाळायचं नाही. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बऱ्याचदा सीट खाली असते किंवा माणूस जड गिअर रेटत असतो. मी स्वतः दुकानदारानं लावून दिलेल्या उंचीवर आठ महिने चालवली आणि चार महिने गुडघा धरून बसलो. हलका गिअर लावा, मिनिटाला 80-85 पेडल फिरू द्या.

गोदाघाट:
कृष्णाकाठ दादा, मी नाशिकची. क्लिफहँगर करायची तर त्याआधी एकदा कुणाच्या तरी क्रूमध्ये, म्हणजे रायडरच्या मागं गाडीतून मदत करणाऱ्या टीममध्ये जा, ही माझी कळकळीची विनंती.

मी आधी एका महिला रायडरची क्रू म्हणून गेले. रात्री सायकलच्या मागं गाडी तिच्याच वेगानं चालवायची, हेडलाइटचा उजेड तिच्या पुढं पडला पाहिजे, आणि मांडीवर वही. किती वाजता किती पाणी गेलं, काय खाल्लं, लघवीला शेवटचं कधी थांबली, बोलताना शब्द अडखळतायत का. पहाटे चारला आमच्या रायडरनं मला विचारलं, "आपण कुठं चाललोय?" मी गाव सांगितलं, तिनं परत तेच विचारलं. आम्ही वीस मिनिटं झोपवलं, तोंड धुवायला लावलं, गरम वरणभात चमच्यानं भरवला, मग ती निघाली. त्या रात्री मला सोलो या शब्दाचा अर्थ कळला, एकटीनं फक्त पेडल मारायचं असतं, बाकी सगळं चार माणसं सांभाळतात.

आमच्या गावचे महाजन बंधू, डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र, 2015 मध्ये दोघांची टीम म्हणून रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण करून आले, अमेरिका आडवी, 4,800 किमीच्या आसपास, नऊ दिवसांच्या आत. दोघंही प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. मग 2017 ला श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ सोलो, बारा दिवसांच्या मुदतीत. नोकरी-धंदा सांभाळून लोक तिथवर गेलेत म्हणून सांगते, तुमचा सकाळचा तास कमी समजू नका. मंगळवार-गुरुवार एक तास चढ, रविवारी लांब, आणि महिन्यातून एकदा शनिवारी रात्री दहाला निघून सकाळी घरी. मुलं झोपलेली असतात, घरच्यांचाही वेळ जात नाही.

अजून एक, मानेचे व्यायाम आत्तापासून करा. लांबच्या रेसमध्ये मान अक्षरशः उचलत नाही, त्याला शर्मर्स नेक म्हणतात, 1983 च्या रॅममध्ये मायकल शर्मर यांना झालं त्यावरून. घरी दोन मिनिटं लागतात.

गुरवाट:
एंड्युरोच्या मित्राला नाही म्हणू नका राव, फक्त आधी समजून घ्या की तो वेगळा खेळ आहे. सायकल, डोंगर, पाणी, सगळं तिघांनी मिळून, आणि टीम एकत्रच पोचावी लागते, त्यामुळं तुम्ही किती जोरात आहात याला अर्थ नाही, तिघांत जो थकलाय त्याची सॅक कोण घेतो याला आहे.

आणि नकाशा. सह्याद्रीत गुरांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठळक असतात. आम्ही एकदा अशाच वाटेनं चांगले तासभर गेलो, कारवीत शिरून वाट संपली ती थेट कड्यावर. होकायंत्र खिशात होतं, कुणी काढलंच नाही कारण तिघंही दमलेले आणि वाट चांगली दिसत होती. तेव्हापासून दर फाट्याला थांबून नकाशा उत्तरेला जुळवायचा, घाई असली तरी. ब्रेव्हेमध्ये वळण चुकलं की पाचदहा किमी जातात, तिथं तर रात्र जाते. पण पाय चालायला तयार होतात, कंबर घट्ट होते, त्याचा सायकलला फायदाच होतो. माझं मत, यंदा एंड्युरो आणि ब्रेव्हे दोन्ही करा, क्लिफहँगर पुढच्या वर्षी.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार, रात्री बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. शनिवार रात्रीची कल्पना तिलाही पटली, फक्त दर दोन तासांनी फोन करायचा ही अट. सीट आज मोजली, घाटमाथा दादा, खरंच दोन बोटं खाली होती. सोमवारी हात दाखवायला जातोय. डिसेंबरच्या 300 ला नाव घातलं, मागं दोन लाल दिवे लावणार.

गोदाघाट ताई, येत्या नोव्हेंबरात तुमच्या ओळखीत कुणाला क्रूला माणूस हवा असेल तर मला सांगा. गाडी चालवता येते, वही नीट लिहितो.