वडोदऱ्यातला सोसायटी ग्रुप : पाण्यातून आलेली गाडी आणि तिसऱ्या दिवशी बसलेली बॅटरी

सी-४०२ : रविवारी संध्याकाळी अलकापुरीच्या गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या रस्त्यातून) गाडी काढली. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या थोडं वरच होतं, पण गाडी अडली नाही, नीट घरी आली. सोमवार-मंगळवार उभीच होती. आज सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्. गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, बॅटरी गेली, नवी टाका. वर्षही झालं नाही हो तिला. काय करू?

ए-२०१ : टाकून मोकळ्या व्हा ताई, पावसाळ्यात रिस्क कशाला.

बी-१०३ : थांबा, नवी आणू नका. तीही परवापर्यंत अशीच बसेल. आधी सांगा, पायाखालचा गालिचा ओला आहे का? वरून हात फिरवून कळणार नाही, मुठीने दाबून बघा.

सी-४०२ : वरून कोरडा वाटला काका. ड्रायव्हरच्या बाजूला दाबला तर पाणी वर आलं!

बी-१०३ : मग चोर तिथेच आहे. गालिच्याखालचा फोम पाणी आठवडाभर धरून ठेवतो, आणि वायरिंगचा जुडगा त्याच्याखालूनच जातो. पुराचं पाणी म्हणजे गटार आणि चिखल. कप्लरच्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगच्या, पिनांमध्ये ते शिरलं की तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि एका पिनेतून शेजारच्या पिनेत करंट झिरपायला लागतो. म्हणून गाडी त्या दिवशी चालते आणि तिसऱ्या दिवशी रुसते. मल्टिमीटर घेऊन खाली येतो. तोवर पुन्हा सेल्फ मारू नका.

डी-३०१ : काका, माझं वेगळंच चाललंय. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंग दिवाही लुकलुकतो, हेडलाइटही मंद.

बी-१०३ : ते अर्थिंगचं काम. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. त्या दिव्याची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने बसवलीय तो बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, परत आवळा. दिवे बदलू नका.

ई-१०२ : आमची गाडी उताराच्या पार्किंगमध्ये बॉनेटपर्यंत बुडाली होती. आता पाणी ओसरलंय. एकदा चालू करून बघू का?

बी-१०३ : अजिबात नको! एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फचा एक झटका पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाणी कुठवर चढलं होतं त्या खुणेचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि टो करून न्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली, तेव्हा 'फक्त एकदा बघतो' म्हणत चांगली इंजिनं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. अजून वाईट वाटतं.

सी-४०२ : (संध्याकाळी) काकांनी मोजलं, ११.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली असती तर १२.६ च्या आसपास दिसले असते म्हणे. रात्री त्यांच्याच चार्जरवर लावलीय.

सी-२०३ : काका, माझ्याकडे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे. ताईंच्या डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवाही लागलाय ना, लावून बघू?

बी-१०३ : जरूर लाव रे, पण बॅटरी भरल्यावर. व्होल्टेज पडलं की युनिट उगाच भाराभर कोड लिहून ठेवतात. ते सगळे पुसून टाक आणि जे परत येतील तेवढ्याच्याच मागे लाग.

बी-१०३ : (गुरुवार, दुपार) सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. रात्रभर चार्ज करून आज बॅटरी १२.६ वर आली, म्हणजे ती चार्ज घेते आहे, मेलेली नाही. मग निगेटिव्ह तार काढून मध्ये मीटर जोडला, १० अँपियरवर. दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवलं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं, चावी लांब ठेवली आणि अर्धा तास हात लावला नाही, कारण गाडीतले सगळे कंट्रोलर झोपायला वेळ लागतो. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. बंद गाडीने साधारण ०.०५ अँपियरच्या आत घ्यायला हवं. इथे ०.९! ४५ अँपियर-अवरची बॅटरी, म्हणजे दोन दिवसांत रिकामी. हिशेब जुळला.

एकेक फ्यूज काढत गेलो. सेंट्रल लॉकचा काढला आणि आकडा धाडकन खाली आला. ड्रायव्हरच्या पायाजवळचं प्लास्टिक उघडलं, तर आतला कप्लर शेवाळासारखा हिरवा. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, हेअर ड्रायर, एवढंच लागलं. सीटखालच्या पिवळ्या कप्लरना मात्र हात लावला नाही, ते एअरबॅगचे असतात. त्यांना घरचा मीटर लावायचा नाही.

सी-४०२ : आत्ताचं रीडिंग ०.०३! एबीएसचा कोडही परत आला नाही. काका, खूप खूप आभार. रात्री जेवायलाच या.

बी-१०३ : येतो. पण गालिचा पूर्ण वाळेपर्यंत परत बसवायचा नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरा कप्लर हिरवा होईल.

सी-४०२ : हो. गच्चीवर टाकीच्या बाजूला उलटा टाकलाय. शनिवारपर्यंत कुणी हलवू नका, आणि पाऊस आला तर जो घरी असेल त्याने कृपया जिन्यात ओढून घ्या.