मदत हवी आहे: लायब्ररीतल्या एकाच मॉड्यूलच्या टेस्ट कशा चालवायच्या??

वैतागलेला_बंड्या: लोकहो लवकर सांगा कोणीतरी. आमच्या कोडच्या लायब्ररीत ४० एक मॉड्यूल म्हणजे फाइली आहेत, प्रत्येक फाइलच्या तळाशी तिच्या तिच्या टेस्ट लिहिल्यात. सगळ्या चालवल्या की ११ मिनिटं जातात आणि मी हात लावलेली एकटी फाइल चालवायला गेलो की एरर. आधी चालायचं. संध्याकाळी डेमो आहे.

फेज_३_चा_कैदी: भाषा कोणती, एरर काय, हे आम्ही पंचांगात बघायचं का?

डबल_मस्तानी: मेव्हनला डॅश पीएल देऊन मॉड्यूलचं नाव टाक, सोबत डॅश एएम, म्हणजे ते ज्यांच्यावर अवलंबून आहे तेपण बिल्ड होतात. आमच्याकडे हेच.

वैतागलेला_बंड्या: मेव्हन कुठून आलं मधेच? ते जावाचं बिल्ड टूल, इथे पायथन आहे. 'अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज' असं ओरडतंय.

पेठेतला_कोडर: सिस डॉट पाथमध्ये, म्हणजे पायथन मॉड्यूल शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, वरचा फोल्डर अपेंड कर, दोन ओळींचं काम.

फेज_३_चा_कैदी: त्याने ही एरर जाणार नाही हो. याचे इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला कोड आणायच्या ओळी, टिंबाने सुरू होतायत; टिंब म्हणजे 'याच पॅकेजमधून', आणि पॅकेज म्हणजे मॉड्यूलांचा फोल्डर. फाइल थेट चालवली की पायथन तिला नुसतं 'मेन' म्हणतो, ती कुठल्या पॅकेजमधली हे त्याला माहीतच नसतं, मग टिंब म्हणजे कुठलं घर? बंड्या, इम्पोर्ट बदललेस का इतक्यात?

वैतागलेला_बंड्या: हो, गेल्या आठवड्यात सगळे टिंबवाले केले. ते सांगायला हवं होतं का?

फेज_३_चा_कैदी: 🙏

निवृत्त_आर्किटेक्ट: मुळात टेस्ट त्याच फाइलीत ठेवणंच चूक. वेगळा फोल्डर करा, पायटेस्ट वापरा, मग फक्त पडलेल्या टेस्ट परत चालवायचीही सोय मिळते. आम्ही तर

वैतागलेला_बंड्या: काका, डेमो आज आहे.

फेज_३_चा_कैदी: पॅकेजचा फोल्डर जिथून दिसतो त्या वरच्या फोल्डरात जा, आत नको. तिथून पायथन डॅश एम, मग पॅकेज टिंब मॉड्यूल. तळाशी टेस्ट चालवणारं युनिटटेस्ट डॉट मेन आहे ना?

वैतागलेला_बंड्या: आहे. केलं. आता 'पाथ ॲट्रिब्यूट नॉट फाउंड' म्हणतंय. डोकं फिरलंय माझं.

डबल_मस्तानी: शेवटी डॉट पीवाय लावलंयस तू. काढ ते. डॅश एमला मॉड्यूलचं नाव लागतं, फाइलचं नाही.

वैतागलेला_बंड्या: चाललं!!! २ सेकंद!! मस्तानी, मघाचे शब्द मागे. यातली एकच टेस्ट चालवायची असेल तर?

डबल_मस्तानी: त्याच कमांडच्या शेवटी स्पेस देऊन क्लासचं नाव, टिंब, टेस्टचं नाव.

पेठेतला_कोडर: माझ्याकडे सिस डॉट पाथनेच चालतं.

फेज_३_चा_कैदी: तुमचे इम्पोर्ट बिनटिंबाचे असतील.

वैतागलेला_बंड्या: बरं, डेमो हिंजवडीला आहे. कोथरूडहून आत्ता निघालो तर ६ पर्यंत पोचेन का?

फेज_३_चा_कैदी: किती वाजलेत, कशाने येतोयस, पाऊस आहे का, हेही आम्हीच ओळखायचं?