मदत हवी आहे: इटलीतले रेस ट्रॅक, स्टेडियम आणि सोबत गुडघेदुखीवाले बाबा

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर बाबांना घेऊन आठवडाभर उत्तर इटलीत जायचं ठरतंय. मुक्काम मिलानला, भावाकडे. व्हेनिस, पिसा वगैरेंची माहिती ढिगाने मिळते, पण आमची गरज वेगळी आहे. बाबांचं आयुष्य कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजात गेलं, त्यातलं बरंचसं प्रीमियर पद्मिनीखाली आडवं होऊन. उरलेला वेळ शाहू स्टेडियमवर. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी फुटबॉल मॅच असली की गॅरेजचं शटर खाली! या माणसाला चर्च दाखवलं तर दोन मिनिटांत "झालं न्हवं? चला" म्हणतील. ट्रॅक दाखवला तर जेवण विसरतील.

रेस बघायची नाहीये (मोंझाची सप्टेंबरातच उरकलेली असेल), जागा बघायच्या आहेत. अडचण गुडघ्यांची. सपाटीवर अर्धा तास चालतात, जिने मात्र नकोत.

माझी कच्ची यादी अशी:

मोंझा तर हवंच. 1922 चा ट्रॅक, तोही राजेशाही उद्यानाच्या आत. बाबांना आजच्या ट्रॅकपेक्षा 1955 साली बांधलेल्या तिरप्या काँक्रीटच्या वळणांचं जास्त आकर्षण आहे. 1961 च्या रेसमध्ये अपघातात ड्रायव्हर फॉन ट्रिप्स आणि त्याच्यासोबत प्रेक्षकही गेले, त्यानंतर फॉर्म्युला वनची रेस त्या वळणांवरून कधी झाली नाही. ती वळणं अजून उभी आहेत म्हणतात. जवळ जाता येतं का?

सान सिरो. 1990 च्या वर्ल्डकपची पहिली मॅच इथलीच, कॅमेरूनने मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला 1-0 ने हरवलं ती. बाबा तिचं वर्णन काल बघितल्यासारखं करतात. महापालिकेने 2025 मध्ये हे मैदान मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांना विकलं. शेजारी नवं झालं की जुन्याचा बहुतेक भाग पाडणार आहेत. म्हणजे आत्ताच बघायला हवं. नुसती टूर घ्यावी की मॅचचं तिकीट काढावं?

इमोला. फॉर्म्युला वनचा ब्राझीलचा ड्रायव्हर सेन्ना जिथे अपघातात गेला तो ट्रॅक. मिलानहून एका दिवसात जाऊन येणं झेपेल का?

मुजेल्लो, म्हणजे मोटोजीपी या मोटारसायकल रेसचा ट्रॅक. हा भावाचा हट्ट.

नेपल्सचं मॅराडोना स्टेडियम लांब पडतं म्हणून जड मनाने काढून टाकलंय. यादीत काही राहिलंय का, काही फुकटचं घुसलंय का, स्पष्ट सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं बोलोन्याला राहतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी मुजेल्लो काढा. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात स्कारपेरियाजवळ आहे, दारापर्यंत रेल्वे नाही आणि कार्यक्रम नसेल तर बाहेरून कुंपण बघून परत यायचं. भावाला जूनच्या आसपास रेसलाच पाठवा.

मोंझाला मिलानहून लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण खरं अंतर स्टेशनपासून पुढे आहे. उद्यान जवळपास 700 हेक्टरचं आहे. तिथे बाबांना चालवू नका, बस किंवा टॅक्सीने ट्रॅकच्या फाटकापर्यंत जा. ट्रॅकवर काय चालू आहे ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघा. जुनी वळणं आहेत आणि जवळून बघता येतात. चढण इतकी तीव्र आहे की धडधाकट माणूसही वरच्या कडेपर्यंत सरळ चालत जाऊ शकत नाही. बाबांना खाली उभं राहून वर बघू दे, त्यातच मजा आहे. नोव्हेंबरात धुकं असतं आणि पाचच्या आत अंधारतं, म्हणून सकाळीच निघा.

सान सिरोला मेट्रोची जांभळी लाईन थेट जाते. मॅचच्या दिवशी टूरचं वेळापत्रक बदलतं. मॅचच बघायची असेल तर तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि फाटकावर ओळखपत्र तपासतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. वरच्या मजल्याचं स्वस्त तिकीट काढू नका, गुडघ्यांची वाट लागेल.

इमोला एका दिवसात आरामात होतं. मिलान ते बोलोन्या वेगवान गाडीने तासाभरात, पुढे लोकलने अर्धा तास. फॉर्म्युला वन 2026 च्या वेळापत्रकात तिथे नाही, पण सेन्नाचा पुतळा ट्रॅकच्या आतल्या अंगाला, तांबुरेल्लो वळणापाशी उद्यानात आहे. बसलेला, मान खाली घातलेला. कुंपणावर ब्राझीलचे झेंडे लटकलेले असतात. तिथे तिकीट लागत नाही. 1 मे 1994 ला अपघात झाला तेव्हाचं वळण आता तसं नाही, पुढच्याच वर्षी तिथे वेग कमी करणारी नागमोड घातली. रात्सेनबर्गर हा दुसरा ड्रायव्हर आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर अपघातात गेला होता, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तुम्ही घ्या.

आणि हे राहिलंय: तोरिनोचं (म्हणजे ट्युरिनचं) लिंगोत्तो! पद्मिनीवाल्या माणसाने तिथे गेलंच पाहिजे. कुर्ल्याची प्रीमियर ज्या फियाट 1100 वरून आली, त्या फियाटचा 1923 मध्ये सुरू झालेला हा कारखाना. कच्चा माल तळमजल्यावर आत, गाडी एकेक मजला वर चढत तयार व्हायची आणि थेट गच्चीवर चाचणीला निघायची. गच्चीवर दोन्ही टोकांना तिरप्या वळणांचा ट्रॅक आहे! कारखाना 1982 मध्ये बंद झाला. आता वर बाग केलीय, पण ट्रॅक तसाच आहे. आतल्या कलादालनाचं तिकीट काढून वर जाता येतं. लिफ्ट आहे, मेट्रो स्टेशन जवळच आहे, आणि मिलानहून तोरिनो वेगवान गाडीने साधारण तासाभराचं. सोमवार टाळा.

धागाकर्ती

मनापासून आभार! मुजेल्लो काढलं, भाऊ रुसलाय. लिंगोत्तोचं बाबांना सांगितलं तर म्हणाले, "गच्चीवरनं गाडी खाली कशी आणायचे?" आतल्या गोल उतारावरून गाडी वर-खाली करत असत एवढं मी वाचलंय. तो उतार बघायला मिळतो का, की फक्त लिफ्टनेच वर नेतात? हे कळलं की तिकिटं काढते.