ढिगारे उपसणाऱ्या बायका पुन्हा स्वयंपाकघरात कशा गेल्या?

मेघना:
युद्धोत्तर जर्मनीविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. 1945 मध्ये लाखो पुरुष मेलेले किंवा युद्धकैदेत असताना बर्लिनमधल्या बायकांनी रांगा लावून बादल्या हातोहात पुढे सरकवल्या, पडक्या इमारतींच्या विटांवरचा जुना गिलावा हातोडीने ठोकून काढला आणि जोडीला घरेही चालवली. मग दहा वर्षांच्या आत पश्चिम जर्मनीत गृहिणी हाच स्त्रीचा आदर्श कसा ठरला? हे त्यांनी आपणहून स्वीकारले, की त्यांच्यावर लादले गेले?

श्रीपाद:
मेघनाताई, आधी या चित्रातच थोडी दुरुस्ती हवी. ढिगारे उपसणाऱ्या बायका मुख्यतः बर्लिनमध्ये आणि सोव्हिएत विभागात, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातल्या पूर्वेकडच्या भागात होत्या. इतरत्र बरेचसे काम यंत्रे आणि बांधकाम कंपन्यांनी केले. शिवाय बर्लिनमध्येही या कामामागे उत्साहापेक्षा भूक अधिक होती. गृहिणीला सर्वांत खालच्या दर्जाचे शिधापत्र मिळे आणि त्यावरचे अन्न इतके तुटपुंजे असे, की बर्लिनकर त्याला ‘स्वर्गारोहणाचे कार्ड’ म्हणत. आपण कदाचित वैकुंठाचे तिकीट म्हटले असते. ढिगाऱ्यावर काम केले की वरच्या दर्जाचे शिधापत्र हाती पडे. अशा कामातून सुटका झाल्यावर कोणी घरी बसले असेल, तर त्याला मी तरी पराभव म्हणणार नाही. आणि सगळ्या जणी घरी बसल्याही नाहीत, कारण पन्नासच्या दशकात नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण वाढतच गेले.

वृंदा:
श्रीपादरावांचे म्हणणे मान्य, पण ‘आपणहून’ हा शब्द वापरण्यापूर्वी कायदा पाहिला पाहिजे. राज्यघटना लिहिणाऱ्या संसदीय परिषदेत 65 सदस्य होते आणि त्यांत स्त्रिया फक्त चार. त्यांपैकी कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट यांनी ‘पुरुष आणि स्त्रिया समान हक्काचे आहेत’ हे वाक्य घटनेत घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा ते आधी फेटाळले गेले. त्यांनी देशभरातल्या स्त्रियांना साद घातली, निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि जानेवारी 1949 मध्ये तेच वाक्य स्वीकारावे लागले.

खरी मेख मात्र पुढे आहे. विसंगत कायदे बदलण्यासाठी घटनेनेच 31 मार्च 1953 ही मुदत दिली होती. ती उलटून गेली तरी संसदेने काही केले नाही. समान हक्कांचा कायदा 1957 मध्ये मंजूर होऊन 1 जुलै 1958 रोजी लागू झाला, पण त्यातही पत्नीने नोकरी करावी ती विवाह आणि कुटुंबाच्या कर्तव्यांशी जुळेल एवढीच, अशी अट होती, आणि ती थेट 1977 पर्यंत टिकली. मुलांच्या बाबतीत मतभेद झाल्यास अंतिम शब्द वडिलांचा, ही तरतूदही त्याच कायद्यात होती. ती 1959 मध्ये कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. घटना एक सांगत होती आणि दिवाणी संहिता दुसरेच.

गौरी (लाइपझिग):
पूर्व जर्मनीतले चित्र वेगळे होते, पण वाटते तितके नाही. तिथे 1950 मध्येच माता-बालक संरक्षण आणि स्त्रियांच्या हक्कांचा कायदा झाला आणि पुढे पाळणाघरे वाढली. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत माणसे पश्चिमेकडे पळत होती आणि कारखान्यांना हात हवे होते, हेही त्यामागचे एक कारण. माझ्या शेजारच्या आजी सूतगिरणीत होत्या. त्यांना महिन्यातून एक भरपगारी ‘घरकामाचा दिवस’ मिळे आणि तो बहुतेक वेळा चादरी धुण्यात जाई. नवऱ्याला असा दिवस मिळत नसे, आणि तो मिळायला हवा होता, असे त्या काळी कोणाला सुचलेही नाही, असे त्या हसत सांगतात.

मेघना:
म्हणजे दोन्हीकडे घर बाईचेच होते; पूर्वेत त्यासाठी रजा मिळाली आणि पश्चिमेत अट. वृंदाताई, 1953 ते 1958 या पाच वर्षांत नवा कायदाच नव्हता, तर एखादे जोडपे न्यायालयात गेल्यावर न्यायाधीश कशाच्या आधारे निकाल देत?

वृंदा:
थेट घटनेतल्या त्या एका वाक्याच्या आधारे. विसंगत कलमे मुदत संपताच निष्प्रभ झाली होती आणि त्यांच्या जागी काय, हे न्यायाधीशांनी प्रकरणागणिक ठरवायचे होते. हे काम न्यायालयांना झेपणारे नाही, असा आक्षेप आला, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर 1953 मध्ये तो फेटाळला.