पोर्टल २ मधल्या कोड्यांनी बुद्धिमत्ता मोजता येईल का?

चौकटराजा:
एम.ए.च्या (मानसशास्त्र) प्रबंधासाठी विचारतोय. रेवन्स मॅट्रिसेसच्या (आकृत्यांतला नियम ओळखायची बुद्धिमत्ता चाचणी) जोडीला पोर्टल २ हा व्हिडिओगेम घ्यायचा बेत आहे. त्यात भिंतींवर एकमेकांना जोडलेली दोन दारं (पोर्टल) उघडून कोड्याची एकेक खोली (चेंबर) सोडवायची असते. ३० विद्यार्थी, मूळ गेममधले १० चेंबर, लागलेला वेळ म्हणजे गुण. चालेल का? आणि आलेल्या आकड्याला बुद्ध्यांक म्हणता येईल?

मोजपट्टी:
मूळ चेंबर घेऊ नका. गेम २०११चा, सगळी उत्तरं यूट्यूबवर आहेत. २०१२ पासून गेममध्येच पझल मेकर आहे, त्यात स्वतःचे १२-१५ चेंबर बांधा. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच पझल मेकरने प्रवाही बुद्धिमत्ता (अनोळखी प्रश्न सोडवायची क्षमता) मोजायचा प्रयत्न केला होता, तो पेपर आधी वाचा.

बांधताना घन, बटण, लेझर, प्रकाशपूल एवढ्यावरच भागवा. टरेट (गोळ्या झाडणारी यंत्रं) आणि पोर्टलमधून वेगाने फेकलं जाण्याच्या उड्या नकोत. तिथे उत्तर सुचूनही माऊस चुकतो. चांगला चेंबर कसा, तर आरशाचा घन एकच, पण बटणही दाबायचंय आणि लेझरही रिसीव्हरवर वळवायचाय. घन बटणावर ठेवायचा, पोर्टलमधून लेझर त्याच्यावर आणायचा आणि घन फिरवायचा. सुचायला वेळ लागतो, हाताचं काम किरकोळ. पोर्टल बसणारी पांढरी भिंत मात्र लागेल तेवढीच ठेवा, नाहीतर पोरं भलताच आडमार्ग काढतात आणि त्याला गुण किती द्यायचे यावर वाद.

वेळेला गुण नकोत. ५ मिनिटांत सुटला तर १, नाहीतर ०. आधी अर्धा तास सराव, आणि कोडं नसलेली एक नुसती धावायची खोली. तिथला वेळ म्हणजे हाताचं कसब. विश्लेषणात तो वेगळा काढता येतो.

आकडेशास्त्री:
३० फारच कमी. गेम आणि रेवन्सच्या गुणांतला सहसंबंध ०.४० आला तरी ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा जिथे असू शकतो तो पल्ला) ०.०५ ते ०.६६, म्हणजे काहीच हाती नाही. १०० जणांत तेच ०.२२ ते ०.५५. त्याआधी १५-२० जणांवर पायलट (छोटी पूर्वचाचणी) करून सगळ्यांना सुटलेले आणि कुणालाच न सुटलेले चेंबर काढून टाका. सगळे इंजिनिअरिंगचेच घेतलेत तर गुणांचा पल्ला आखडतो आणि सहसंबंध आपोआप खाली येतो.

बुद्ध्यांक अजिबात म्हणू नका, त्याला वयानुसार मानकं लागतात. माद्रिदच्या २०१५च्या अभ्यासातला गेम आणि बुद्धिमत्ता यांच्यातला ०.९३ सहसंबंध सगळेच नाचवतात. तो १८८ विद्यार्थी, १२ गेम आणि ११ चाचण्या यांतून काढलेल्या सुप्त घटकांमधला (अनेक गुणांमागचा सामाईक भाग) आहे, एका गेमच्या गुणांचा नाही.

चौकटराजा:
आधी खेळलेल्यांचं काय करू?

मोजपट्टी:
वगळा. आरशाच्या घनाने बटणही दाबलं जातं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी तो चेंबर स्मरणाची परीक्षा होतो. आणि काहींना फर्स्ट-पर्सन गेममध्ये गरगरतं. असे अर्ध्यात उठले तर त्यांच्या उरलेल्या चेंबरना शून्य देऊ नका, त्यांचा डेटाच बाजूला ठेवा.